छळ, गुपितं आणि सूड असलेल्या थ्रिलरमध्ये छळ झालेलं पोरगं शेवटपर्यंत जिवंत राहतं का कुठे?

निशाचर_वाचक

सध्या मी टीनएजर्ससाठी लिहिलेल्या थ्रिलर कादंबऱ्यांचा नुसता फडशा पाडतेय. शाळा, त्यातलं एक वट असलेलं टोळकं, टोळक्याने दाबून ठेवलेलं काहीतरी जुनं प्रकरण, मग एक दिवस कोणाला तरी निनावी मेसेज येतो आणि एकेकाची पाळी सुरू होते. हा सगळा प्रकार मला मनापासून आवडतो, त्यामुळे "असलं कशाला वाचतेस" असं कृपया कोणी विचारू नका.

पण लागोपाठ वाचल्यामुळे एक गोष्ट फार खटकायला लागलीय. ज्या पोराचा छळ झालाय किंवा ज्याला सगळ्यांनी वाळीत टाकलंय ते पोरगं या पुस्तकांत एकतर पहिल्या पानाआधीच मेलेलं असतं नाहीतर शेवटी तेच गुन्हेगार निघतं. (पुढे स्पॉयलर आहेत, वाचायचं नसेल त्यांनी पुढचा पॅरा सोडा.)

'वन ऑफ अस इज लाइंग' घ्या, कॅरन मॅकमॅनसचं, २०१७ चं. डिटेन्शनला (शाळा सुटल्यावर थांबायची शिक्षा) पाच जण बसलेत, त्यातला सायमन, जो सगळ्यांची लफडी अ‍ॅपवर टाकत असतो, तो पाणी पितो आणि अ‍ॅलर्जीने जातो, आणि मग उरलेल्या चौघांवर संशय. पकड जबरदस्त आहे, मी एका बैठकीत संपवलं. पण शेवटी कळतं काय तर ज्याला कोणी जवळ करत नव्हतं त्या सायमननेच हे सगळं रचलेलं, म्हणजे मेलेला पण तोच आणि गुन्हेगार पण तोच! आणि 'थर्टीन रीझन्स व्हाय' (२००७) मध्ये तर हॅना पुस्तक सुरू होतानाच गेलेली आहे, मागे फक्त तिच्या कॅसेट्स. तिच्या मरणानेच सगळ्यांना धडा मिळतो अशी ती मांडणी मला तेव्हाही पटली नव्हती आणि आता तर अजिबात पटत नाही.

विचारायचं कारण म्हणजे माझी भाची. चौदा वर्षांची आहे, मागच्या वर्षी वर्गातल्या मुलींनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, ग्रुपमधून काढलं, ती आली की उठून जायच्या. आता शाळा बदलल्यावर बरी आहे, खूप वाचते, आणि तिला थ्रिलरच हवेत, "गुपित असलेलं आणि बदला घेतलेला असं दे मावशी" असं स्पष्ट सांगितलंय तिने. मला तिच्या हातात असं पुस्तक द्यायचंय ज्यात तिच्यासारखी मुलगी शेवटच्या पानावरही जिवंत असेल आणि राक्षस पण झालेली नसेल. आहे का असं काही? आणि मुळात असं का होतं यावर कोणी लिहिलं तर तेही वाचायला आवडेल.

जुनी_पानं

ताई, प्रश्न एकदम योग्य आहे. हे का होतं त्याचं अर्ध उत्तर थ्रिलरच्या रचनेतच आहे. थ्रिलरला एक प्रेत लागतं आणि एक हेतू लागतो. छळ झालेल्या पोराकडे हेतू आयताच असतो, त्यामुळे लेखकाला वेगळं काही उभं करावं लागत नाही, आणि ते पोरगं मेलेलं असेल तर उरलेल्या सगळ्यांकडे लपवायला काहीतरी असतं. दोन्ही बाजूंनी सोय. त्या पोराला मधल्या तीनशे पानांत जिवंत ठेवून, रोज शाळेत पाठवून, तरी ताण टिकवायचा हे खूप अवघड काम आहे आणि म्हणून फार कमी जण ते करतात.

पण एक सांगू का, हा साचा ज्या पुस्तकांवरून पडला ती पुस्तकं साच्यापेक्षा कितीतरी शहाणी आहेत. १९७४ या एकाच वर्षी दोन आली. एक म्हणजे स्टीफन किंगचं 'कॅरी', शाळेत छळल्या जाणाऱ्या एका मुलीची गोष्ट, त्याची छापून आलेली पहिली कादंबरी. लोकांना सिनेमामुळे ते डुकराचं रक्त आणि आग एवढंच आठवतं, पण पुस्तकात किंगने सुरुवातीपासूनच चौकशी समितीचे उतारे, बातम्या, नंतर लिहिलेल्या आठवणी असं सगळं मध्येमध्ये टाकलंय, म्हणजे मोठा अनर्थ झालाय हे वाचणाऱ्याला आधीच माहीत असतं. मग ताण कशाचा राहतो? तर प्रत्येक पानावर वाटत राहतं की अजून वेळ आहे, आत्ता कोणीतरी थांबवा. सू स्नेल नावाची मुलगी आहे, ती आधी सगळ्यांबरोबर कॅरीवर वस्तू फेकते, मग तिला स्वतःची शरम वाटते आणि ती भरपाई म्हणून आपल्या बॉयफ्रेंडला सांगते की तू कॅरीला प्रॉमला, म्हणजे शाळेच्या नाचाच्या पार्टीला, घेऊन जा. त्या चांगल्या इच्छेनेच कॅरी त्या स्टेजवर पोचते जिथे तिच्यावर ते रक्त ओततात. हे इतकं क्रूर आहे ना! नुसत्या सूडकथेत असं काही सापडत नाही.

दुसरं रॉबर्ट कॉर्मिएचं 'द चॉकलेट वॉर'. शाळेला निधी हवा म्हणून पोरांनी चॉकलेटं विकायची, आणि जेरी नावाचा एक मुलगा नाही म्हणतो. बास एवढंच. (कॉर्मिएच्या स्वतःच्या मुलाने शाळेची चॉकलेटं विकायला नकार दिला होता, त्यावरून सुचलेलं.) तिथे व्हिजिल्स नावाची पोरांची गुप्त टोळी आहे, तिचा म्होरक्या आर्ची स्वतः कोणाला हात लावत नाही, फक्त दुसऱ्यांना कामं वाटतो. आणि शाळा चालवणारे ब्रदर लिऑन त्याच टोळीची मदत घेतात! जेरी जिवंत राहतो पण पार मोडून पडतो. तुमच्या भाचीला हे आत्ता अजिबात देऊ नका, पण तुम्ही स्वतः वाचाच. छळ हा एका दुष्ट पोराचा उद्योग नसतो, त्याला वरून मूक संमती असते, हे इतकं उघड मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

सावली_१७

मी कोर्टनी समर्सचं नाव सुचवते, 'सम गर्ल्स आर', २०१० चं. तुमच्या अटीत अर्धं बसतं आणि अर्धं फार अस्वस्थ करतं. यातली रेजिना ही आधी स्वतः टोळक्यातली दोन नंबरची, सगळ्यांना रडवणारी. एका पार्टीत मैत्रिणीचा बॉयफ्रेंड तिच्यावर जबरदस्ती करायचा प्रयत्न करतो, ती कशीबशी सुटते, आणि जिच्याकडे मदतीला जाते ती नेमकी अशी मुलगी असते जिला हिने पूर्वी छळलेलं असतं. ती मुलगी घडलेलं उलटं करून अफवा पसरवते आणि सोमवारी रेजिना शाळेत येते तेव्हा तिचं सगळं जग संपलेलं असतं.

त्यात खून नाही, डिटेक्टिव नाही, तरी मला थ्रिलरपेक्षा जास्त धडधड झाली वाचताना. कारण सगळं वर्तमानकाळात आणि तिच्याच तोंडून आहे, जेवणाच्या सुट्टीत कुठे बसायचं हा एवढासा प्रश्न, तो सुद्धा पोटात गोळा आणतो. कुठल्या टेबलावर कोण आहे, कोणाची पाठ आहे, कोण बघून न बघितल्यासारखं करतंय. ज्यांनी हे भोगलंय त्यांना ही नजर ओळखीची वाटेल, आपण वर्गात शिरताना आधी खोलीचा हिशोब करतो आणि मगच पाऊल टाकतो ना, ते. मला शाळेत हेच झालेलं आणि माझ्या शिक्षकांना ते कधी दिसलंच नाही कारण मारामारी नव्हती, शिव्या नव्हत्या, नुसतं कोणी बोलत नव्हतं. त्यामुळे ज्या पुस्तकात ढकलाढकली आणि लॉकरवर लिहिलेल्या शिव्या म्हणजेच बुलिंग असतं ते मला खोटं वाटायला लागतं.

भाचीसाठी मात्र दोनेक वर्षं थांबा, जबरदस्तीचा प्रसंग सरळ सरळ आहे. समर्सचंच 'सेडी' (२०१८) पण तसंच, बहिणीच्या खुनाचा बदला घ्यायला निघालेली मुलगी आणि तिला शोधणारा पॉडकास्ट असं आलटून पालटून, त्याला रहस्यकथांसाठीचा एडगर पुरस्कारही मिळाला, पण शेवट वाचणाऱ्याला अधांतरी सोडून देतो. ज्या मुलीला आत्ता आधार हवाय तिला तो शेवट नको.

फळा_आणि_खडू

मी शाळेत शिकवतो, त्यामुळे जरा वेगळ्या बाजूने लिहितो, लांबलं तर समजून घ्या.

बुलिंगवर पद्धतशीर अभ्यास सुरू केला तो डान ओल्वेउस यांनी, नॉर्वे-स्वीडनमध्ये, १९७० च्या दशकात. त्यांनी तीन गोष्टी धरल्या, मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि ज्यात दोघांची ताकद सारखी नाही असं. आता या तीन गोष्टी लावून तुमच्या आवडत्या थ्रिलर बघा, बहुतेक ठिकाणी 'पुन्हा पुन्हा' गायब असतं. एकच भयंकर रात्र असते, एक व्हिडिओ, एक पार्टी. कारण गुपिताला एक तारीख लागते. रोजचं, कंटाळवाणं, महिनोन् महिने चाललेलं कुरतडणं गुपित होऊ शकत नाही, ते तर सगळ्यांच्या डोळ्यादेखत होत असतं. मला वाटतं म्हणूनच ही पुस्तकं खऱ्या छळाच्या जवळ येता येता दूर जातात.

दुसरी गोष्ट बघ्यांची. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाला यात काहीतरी भूमिका असते, एक छळणारा, त्याचे मदतनीस, नुसतं हसून हवा देणारे, लांब उभे राहणारे, आणि थोडे बाजू घेणारे. पुढे तिथल्या शाळांत कीवा नावाचा कार्यक्रम आला तो याच पायावर, बघ्यांना हलवा म्हणजे छळणाऱ्याची हवा जाते. आणि मला विचाराल तर चांगल्या थ्रिलरची खरी खाण इथे आहे. हसून हवा देणाऱ्या वीस जणांपैकी प्रत्येकाकडे एक छोटं गुपित असतं की मी पाहिलं होतं आणि मी गप्प बसलो. खुनी कोण यापेक्षा हे कधी बाहेर येणार याची भीती मुलांना जास्त कळते, वर्गात बोलताना मी पाहतो.

या दोन्ही कसोट्यांवर लॉरेन ऑलिव्हरचं 'बिफोर आय फॉल' (२०१०) मला सर्वात आवडतं. सॅम ही लोकप्रिय टोळक्यातली मुलगी तोच एक दिवस परत परत जगते. त्या टोळक्याने ज्युलिएट नावाच्या मुलीला वर्षानुवर्षं छळलंय. (स्पॉयलर) हळूहळू सॅमला समजतं की हे सगळं सुरू झालं लहानपणी एका कॅम्पमध्ये. टोळक्याची म्होरकी लिंड्से, तिनेच स्लीपिंग बॅगमध्ये अंथरूण ओलं केलं आणि नाव ज्युलिएटचं घेतलं, आणि ज्युलिएट गप्प राहिली. म्हणजे छळणाऱ्या मुलीचं गुपित छळल्या जाणाऱ्या मुलीच्या हातात आहे, ती कधीही तोंड उघडू शकते, आणि म्हणूनच तिला सतत खाली दाबून ठेवावं लागतं! छळामागचं इतकं खरं कारण मी क्वचित वाचलंय. एवढीशी गोष्ट, आणि त्यातून एक अख्खं बालपण गेलं. ज्युलिएट आत्महत्येच्या काठावर जाते हे मात्र आधी सांगतो, भाचीला द्यायच्या आधी तुम्ही वाचा आणि तिच्याबरोबर बोला.

बदला_घ्याच

सगळे फारच सभ्य उत्तरं देतायत म्हणून मी दुसरी बाजू मांडते. भाचीने बदला मागितलाय ना? मग तिला बदला द्या. जिला वर्षभर कोणी विचारलं नाही तिला पुस्तकात तरी त्या लोकांची फजिती बघू दे, त्यात काहीही वाईट नाही. आपण लगेच क्षमा आणि समजूतदारपणा शिकवायला जातो आणि पोरांना बरोबर कळतं की मोठ्यांना आपला राग नकोय. राग असलेली मुलगी म्हणजे बिघडलेली मुलगी असं थोडीच आहे.

जेनी हान आणि शवॉन व्हिव्हियनची 'बर्न फॉर बर्न' मालिका (२०१२ पासून, तीन पुस्तकं) बघा. तीन मुली एकमेकींचा बदला वाटून घेतात म्हणजे कोणावर संशय येणार नाही. योजना आखण्याची मजा त्यात भरपूर आहे. आणि थोडी मोठी झाल्यावर कोरियन सिरीज 'द ग्लोरी' दाखवा, शाळेत जिला केसांच्या गरम इस्त्रीने चटके दिले ती मुलगी मोठी होते, वर्षानुवर्षं तयारी करते आणि छळणारीच्या मुलीची वर्गशिक्षिका बनून समोर येते. ती जिवंत आहे, डोकं शांत आहे आणि शेवटपर्यंत आपली नायिका तीच आहे.

निशाचर_वाचक

@बदला_घ्याच रागाबद्दल जे लिहिलंस ते मनापासून पटलं, माझ्याही मनात तेच होतं पण असं मांडता आलं नसतं. पण 'बर्न फॉर बर्न' मी वाचलंय गं, आणि त्यातली जिला वजनावरून छळलेलं असतं ती मेरी, ती दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी काय निघते आठवतंय ना? (स्पॉयलर) ती आधीच मेलेली, भूत! तिघींपैकी नेमकी तीच. माझी तक्रार हीच तर आहे.

'ग्लोरी' मात्र बरोबर बसते, पण ती नायिका आधी मोठी होते, छळापासून कितीतरी वर्षं लांब जाते आणि मग सगळं सुरू होतं. मला शाळेत असतानाच लढणारी हवीय.

@फळा_आणि_खडू सर, ते अंथरुणाचं कारण वाचून काटा आला. पुस्तक मागवतेय, आधी मी वाचते.

जुनी_पानं

सुडाबद्दल एक भर घालतो. कार्ल्स्मिथ, विल्सन आणि गिल्बर्ट यांचा २००८ चा एक अभ्यास आहे. एका खेळात दगा देणाऱ्याला शिक्षा करायची संधी काहींना दिली, काहींना नाही. ज्यांनी शिक्षा केली त्यांना वाटलं होतं की आता बरं वाटेल, पण तेच जास्त वेळ त्या दगाबाजाचा विचार करत बसले आणि त्यांनाच जास्त वाईट वाटत राहिलं. याचा अर्थ पुस्तकात सूड नको असा मी लावत नाही. उलट ही तर थ्रिलरच्या दुसऱ्या अर्ध्याची कथा झाली. बहुतेक पुस्तकं सूड पूर्ण झाला की संपतात, आणि मला नेहमी त्यानंतरची सकाळ बघायची असते, ती मुलगी उठते, शाळेत जाते, समोरच्याची वाट लागलेली आहे, आणि हिच्या डोक्यात अजून तोच माणूस फिरतोय. ते लिहिणारे कमी.

रात्रपाळी

उशिरा आले पण माझ्याकडे एक नाव आहे जे तुमच्या अटीत बसतंय असं वाटतं. हॉली जॅक्सनचं 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर' (२०१९). पिप नावाची मुलगी शाळेच्या प्रोजेक्टसाठी पाच वर्षं जुनी केस परत उघडते, अँडी बेल नावाची मुलगी गायब झालेली आणि तिच्या बॉयफ्रेंडवर, सॅल सिंगवर, खुनाचा ठपका ठेवून गाव मोकळं झालेलं. मुलाखतींच्या नोंदी, चॅट, नकाशे असं सगळं पुस्तकातच आहे त्यामुळे वाचणारा पण तपास करत जातो, चौदा वर्षांच्या मुलीला हे फार आवडतं.

आता तुमचा मुद्दा. जिच्यासाठी सगळं गाव हळहळतंय ती अँडी स्वतः शाळेत नॅट नावाच्या मुलीला छळत होती, तिचा खाजगी व्हिडिओ पसरवला होता. त्यामुळे नॅट अर्थातच संशयितांच्या यादीत येते, वाचताना आपणही तिच्यावर संशय घेतो, ती तुसडी आहे, कोणाशी नीट बोलत नाही, पिपला हाकलून देते. आणि तरी ती खुनी नाही! ती फक्त एक मुलगी आहे जिच्याशी वाईट वागले आणि जी अजून चिडलेली आहे. पुढच्या पुस्तकांतही ती आहे, पिपची मैत्रीण होते, तिचं तिचं आयुष्य पुढे जातं. मला नॅट फार जवळची वाटते. लेखिकेने तिला गोड करून टाकलेलं नाही, माफ पण करायला लावलेलं नाही.

ती मुख्य पात्र नाही हे खरं. पण मेलेली नाही आणि राक्षसही नाही, एवढं नक्की.

निशाचर_वाचक

अगं नॅट! मी हे पुस्तक वाचलंय आणि तिच्याकडे या नजरेने पाहिलंच नव्हतं, सगळं लक्ष सॅलच्या प्रकरणात. धन्यवाद, हेच देते तिला पहिलं. मालिकेतली तिन्ही एकदम दिली तर चालतील का? मी पहिल्याच्या पुढे गेलेले नाही.

रात्रपाळी

पहिली दोन बिनधास्त द्या, पहिल्यात थोडे ड्रग्ज आणि पार्ट्यांतले वाईट प्रकार आहेत त्याची कल्पना असू द्या. तिसरं, 'अ‍ॅज गुड अ‍ॅज डेड' (२०२१), हे मात्र आत्ता ठेवून द्या. ते खूप काळं आहे, पिपवर स्वतःवरच बेतते आणि ती जे करते त्यावर मोठी माणसं अजून भांडतायत. ते आधी तुम्ही वाचा आणि मग इथेच वेगळा धागा काढा, मला त्या शेवटावर खूप बोलायचंय.

सावली_१७

+१, तिसऱ्याच्या धाग्यावर मी पण आहे. आणि ताई, भाचीला पुस्तक देताना नॅटबद्दल आधी काही सांगू नका, ती स्वतः कोणावर संशय घेते ते बघा आणि इथे कळवा.